साबण, वस्तरा आणि ऊन

“मी तोंडाला काही लावत नाही,” असं मराठी पुरुष जरा अभिमानानेच सांगतो. हे विधान तपासून पाहण्यासारखं आहे. सकाळी तो अंगाच्याच साबणाने तोंड खसाखसा धुतो. दाढीच्या दिवशी फेस फासून पोलादाचं पातं गालावरून, गळ्यावरून फिरवतो. त्यावर तुरटी घासतो, नाहीतर अल्कोहोल असलेलं आफ्टरशेव्ह थापतो. डोक्याला चोपडलेलं तेल दुपारपर्यंत कपाळावर उतरतं आणि तिथे बारीक मुरमं उठतात. तोच चेहरा घेऊन तो टू-व्हीलरवर, शेतात किंवा बांधकामावर भर उन्हात दिवस काढतो. एवढं सगळं रोज होत असताना ‘काही लावत नाही’ म्हणण्यात फारसा अर्थ नाही. त्वचेवर रोजचे संस्कार चालूच आहेत, फक्त ते बहुतांशी उलटे आहेत.

हे ज्या थरावर घडतं तो मृत पेशींचा सर्वांत वरचा थर मिलिमीटरचा जेमतेम पन्नासावा भाग जाड असतो, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाहूनही पातळ. त्यात पेशींचे पंधरा-वीस पापुद्रे असतात. अमेरिकी त्वचाशास्त्रज्ञ पीटर इलायस यांनी त्याला विटांच्या भिंतीची उपमा दिली: पेशी या विटा आणि त्यांच्यामधली सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्लं हा चुना. शरीरातलं पाणी आत आणि बाहेरची घाण, जंतू, रसायनं बाहेर ठेवण्याचं काम प्रामुख्याने हा चुना करतो. तो तयार करणारी विकरं थोड्या आम्लात नीट चालतात, म्हणून निरोगी त्वचेचा सामू पाचच्या आसपास असतो. आंघोळीच्या साबणाचा सामू नऊ ते दहा. साबण मळ काढतो तसा चुनाही थोडा खरवडून नेतो आणि विकरांना अवघड करून ठेवतो. तोंड धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा वाटतो, त्याला आपण ‘स्वच्छ वाटतंय’ म्हणतो. खरं तर ती तक्रार असते.

इथे पुरुषांचा एक ठाम युक्तिवाद येतो: “माझी स्किन ऑयली आहे, मला कडक साबणच लागतो.” यातलं पहिलं वाक्य बहुतेकदा खरं असतं. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात, त्यांच्या हुकमावरून त्वचेतल्या तैलग्रंथी मोठ्या होतात. बायकांमध्ये रजोनिवृत्तीनंतर हे तेल बरंच घटतं, पुरुषांमध्ये ते उतारवयापर्यंत टिकून राहतं. पण हे तेल म्हणजे भिंतीतला चुना नव्हे. ते वरून पसरतं, चुना आत असतो. त्यामुळे एखाद्याचा चेहरा दुपारी तेलाने चमकत असतानाच आतून पाण्याला महाग झालेला असू शकतो. अशा माणसाने दिवसातून चारदा साबण लावला की तेल काही तासांत परत येतं, चुना मात्र येत नाही. सौम्य फेसवॉश किंवा साबणविरहित वडी, सकाळी एकदा आणि रात्री एकदा, एवढ्यात तेलाचा बंदोबस्त होतो.

पुरुषांची त्वचा बायकांच्या त्वचेपेक्षा साधारण वीस टक्के जाड असते हेही खरं. त्यावरून ‘आपलं कातडं राकट’ असा निष्कर्ष काढला जातो. जाडी असते ती खालच्या, कोलॅजनच्या थराची. तीही पुरुषांमध्ये तरुणपणापासून दरवर्षी सुमारे एक टक्का या वेगाने घटत जाते. वरची भिंत सगळ्यांची सारखीच नाजूक, आणि पुरुष तिच्यावरून वरचेवर पातं फिरवतो.

हे पातं काय करतं आणि त्याचं काय होतं, हा मोठा रंजक विषय आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या जानलूका रोशोली या संशोधकाने स्वतःची दाढी केली आणि ते ब्लेड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण, तरी पात्याच्या धारेचे कपचे उडालेले दिसले. केस पात्याशी तिरका आला आणि नेमका पोलादाच्या संरचनेतल्या कच्च्या जागेजवळ आदळला, की टवका निघतो. २०२०मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झालं. दाढीचा कोरडा केस किती चिवट असतो हे यावरून कळावं. अशी कपचे उडालेली धार ‘अजून चालतंय की’ म्हणत आणखी पंधरा दिवस वापरली, तर ती केसाला कापण्याऐवजी ओढते आणि सोबत भिंतीचे पापुद्रे सोलून नेते.

केस पाणी पितो आणि मऊ होतो, पण त्याला कोमट पाण्याची दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. म्हणून दाढी आंघोळीनंतर करणं उत्तम. आपल्याकडे नेमका उलटा रिवाज आहे. दाढी, हजामत आधी आणि आंघोळ नंतर; केस कापून आलेल्या माणसाला घरात कशालाही शिवू न देणाऱ्या आज्या अजून आहेत. आजीशी वाद घालण्याची गरज नाही. कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल दोन मिनिटं गालांवर धरला तरी काम होतं. सलूनमधला जुना कारागीर फेस करायला इतका वेळ का लावत असे, हेही मग लक्षात येतं.

गुळगुळीत गालांच्या हौसेपायी केसांच्या उलट्या दिशेने दुसरा हात मारला जातो. तीन किंवा पाच पात्यांचं रेझर असेल तर पहिलं पातं केस किंचित वर खेचतं, मागचं कापतं, आणि उरलेलं टोक त्वचेच्या पातळीखाली जातं. केस सरळ असेल तर तो पुन्हा वर येतो. कुरळा असेल, विशेषतः गळ्यावरचा, तर वळून आतल्या आत शिरतो आणि शरीर त्याला परका समजून तिथे लाल, दुखरा फोड उठवतं. याला मुरूम समजून लोक मुरमाचं मलम लावत बसतात. उपाय साधा आहे: केसांच्या दिशेने दाढी, कमी पाती, कमी दाब, आणि फारच त्रास असेल तर ट्रिमर. दाढी राखली म्हणून सुटका होत नाही, दाढीखालच्या कातड्यालाही धुणं आणि ओलावा लागतोच.

तुरटीबद्दल माझं मत मिश्र आहे. पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचा हा क्षार रक्तातली प्रथिनं गोठवतो, म्हणून कापल्यावर रक्त थांबतं. त्यात खोटं काही नाही. पण सलूनमध्ये एकच खडा सकाळपासून सगळ्यांच्या गालांवर फिरत असेल तर तो नको म्हणावा. वस्त्र्यात नवं ब्लेड घालताना मात्र डोळे उघडे ठेवून बघावं. हेपटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात आणि त्यांना डोळ्यांना न दिसणारी जखम पुरते. आफ्टरशेव्हची झणझण काहींना आवडते. आवड म्हणून ठीक, पण सोललेल्या भिंतीवर अल्कोहोल ओतण्याचा त्वचेला फायदा काही नाही.

आता ऊन. २०१२मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने एका ६९ वर्षांच्या अमेरिकी ट्रकचालकाचा फोटो छापला. २८ वर्षं त्याने मालाचा ट्रक चालवला होता. चेहऱ्याची डावी, खिडकीकडची बाजू जाड, लोंबती, खोल सुरकुत्यांनी भरलेली. उजवी बाजू वयाने कितीतरी लहान. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी किरण काच अडवते, पण साध्या काचेतून यूव्हीए किरण आत येतात आणि खोलवर जाऊन कोलॅजन मोडतात. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे आपल्या एसटी आणि ट्रकचालकांचा उजवा गाल बघावा.

आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन आहे, ते खरंच राखण करतं. म्हणूनच त्वचेचा कर्करोग भारतात तुलनेने विरळा. पण ही राखण अपुरी आहे. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या वरच्या त्वचेचा नैसर्गिक एसपीएफ, म्हणजे ऊन अडवण्याची मात्रा, सुमारे १३ आणि गोऱ्यांचा तीनच्या वर, असं मोजमाप १९७०च्या दशकात झालं होतं. आपण त्या दोहोंच्या मधे कुठेतरी येतो. शिवाय आपल्या त्वचेवर ऊन आधी सुरकुत्यांतून दिसत नाही, ते डागांतून दिसतं. गालांवरचा वांग फक्त बायकांना येतो हा गैरसमज आहे. आणि एक निरीक्षण: गांधी टोपीला कड नसते आणि फेट्यालाही नसते. डोकं झाकलं जातं, नाक आणि गाल उन्हातच राहतात. शेतात रुंद कडेची टोपी किंवा तोंडावरून घेतलेला गमछा कुठल्याही ट्यूबपेक्षा स्वस्त आणि भरवशाचा.

सनस्क्रीनने खरोखर फरक पडतो का? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधील नॅम्बर या गावात ९०३ प्रौढांवर, बायका-पुरुष दोघांवर, प्रयोग झाला. निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, उरलेल्यांना त्यांच्या मर्जीवर सोडलं. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं वार्धक्य दुसऱ्या गटापेक्षा २४ टक्के कमी भरलं. हे निष्कर्ष २०१३मध्ये आले. एसपीएफ ३० पुरे, ते सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं; ५०ला हा आकडा ९८ होतो. खरी चूक प्रमाणात होते. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीची रेघ, एवढं चेहरा आणि गळ्याला लागतं. आपण वाटाण्याएवढं लावतो आणि मग ‘उपयोग होत नाही’ म्हणतो.

म्हणजे लागतात तीन वस्तू: सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. मॉइश्चरायझर तोंड ओलसर असतानाच लावावं, तेव्हा ते पाणी अडवून धरतं. चिकट वाटत असेल तर जेलच्या रूपात मिळतं. लाज वाटत असेल तर आठवावं, की नरक चतुर्दशीला पहाटे याच पुरुषाला पाटावर बसवून तेल-उटणं लावतात आणि त्याच्या मर्दपणाला काही होत नाही. ‘फॉर मेन’ लिहिलेली काळी बाटली घ्यायचं कारण मला दिसत नाही. फरक बहुधा वासाचा आणि रंगाचा असतो. बायकोच्या कपाटातलं चालतं, विचारून घेतलं तर.

एक वस्तू मात्र कपाटातून काढून टाकावी. ‘गोरं करणारी’ किंवा ‘नायट्यावर रामबाण’ म्हणून मेडिकलवाल्याने सहज दिलेली ट्यूब. अशा कित्येक ट्यूबांत तीव्र स्टिरॉइड असतं. सुरुवातीला त्वचा उजळते, खाज थांबते. मग ती पातळ, लाल होते, मुरमं आणि लव वाढते, नायटा दबून दुप्पट पसरतो, आणि ट्यूब सोडली की चेहऱ्याची आग होते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या गैरवापराविरुद्ध मोहीमच काढली आणि २०१८मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. काउंटरवर ती अजून मिळतात.

या निमित्ताने रोज आरशात दोन मिनिटं नीट पाहिलं तर आणखी एक फायदा होतो, आणि तो मानेवर दिसतो. मान आणि काखेतल्या वळ्या काळ्या, जाड होऊ लागल्या की पुरुष तो मळ समजून वज्रीने किंवा घासणीने घासत सुटतो. घासल्याने ती जागा आणखी काळी होते. हा बहुतेकदा इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झाल्याचा खुणेचा डाग असतो, मधुमेह येण्याच्या कितीतरी आधी दिसणारा. वजन उतरलं की तो हळूहळू फिका होतो. त्यासाठी क्रीम विचारायला गेलात तर चांगला त्वचारोगतज्ज्ञ आधी रक्त तपासायला सांगेल, उपाशीपोटी.