कानस उचलण्याआधी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत येणारे पाहुणे कारागिराच्या हातांकडे बघतात. भोपळा कापणं, तबली बसवणं, दांडीवरचं नक्षीकाम, सगळं बघण्यासारखं आहेच. शिकलगारीतून वाद्यांकडे वळलेल्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं हे काम. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण जवारीचं काम चालू असताना शेजारी बसून राहिलं, की कारागिराचा अर्धा कस त्याच्या विचारण्यात आणि ऐकण्यात लागतो, हे ध्यानात येतं.

जवारी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासून नाद जुळवणं. हा माथा वरवर सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते आणि मूळ स्वरासोबत वरचे स्वर जागे होतात. तारेखालचा दोरा नेमक्या जागी सरकला की झणकार उमलतो. चांगल्या लागलेल्या खर्जातून गंधार ऐकू येतो, तो कुठल्याच तारेवर लावलेला नसताना. वापरून वापरून घोडीवर तारेच्या खाचा पडतात, झणकार मरतो आणि तंबोरा जवारीला येतो. कानशीचा एक हात जास्त पडला तरी आवाज बदलतो. म्हणून कानस उचलण्याआधी गाणाऱ्याला काय हवंय ते कळायला लागतं, आणि ते सांगायला गाणाऱ्याजवळ बहुधा शब्द नसतात.

एक गायिका आपला तंबोरा घेऊन गल्लीतल्या एका कारागिराकडे आली होती. "चाचा, आवाज मोकळाच होत नाही हो," ती म्हणाली. मोकळा म्हणजे खुली जवारी, असं धरून चाचा लगेच कामाला लागू शकले असते. त्यांनी विचारलं, "ताई, गाता कुठल्या पट्टीत?" काळी चार. "सगळ्या तारांचं असं होतं की एकीचं?" तिला सांगता येईना. मग त्यांनी तंबोरा तिच्या पट्टीत लावला आणि एकेक तार सुटी छेडली. पंचम, पहिली जोड, दुसरी जोड. "हां, हीच!" बाकीच्या तारांचा नाद टिकत होता, हिचा लगेच बुजत होता.

"आता तुम्ही सा लावा." तिनं आकार लावला. चाचा डोळे मिटून तिचा गळा ऐकत राहिले. "तुमचा आवाज मुळात धारदार आहे. तंबोरा फार खुला केला तर दोन्ही एकमेकांवर चढतील. जवारी गोलच ठेवतो, एवढी तार उघडतो. नाही पटलं तर सांगा." तार सैल करून बाजूला घ्यायची, कानशीचे दोन हलके हात, तार पुन्हा स्वरात आणायची, दोरा सरकवायचा, ऐकायचं. दर खेपेला प्रश्न एकच: "मघापेक्षा बरं की वाईट?" कसं वाटतंय, असं मोघम त्यांनी एकदाही विचारलं नाही. तुलना कुणालाही करता येते. वर्णन फार थोड्यांना जमतं.

पट्टीचा प्रश्नही सवयीचा म्हणून नव्हता. जवारी तारेच्या ताणाशी जुळलेली असते. एका पट्टीत छान बोलणारा तंबोरा वरच्या पट्टीत चढवला की दबल्यासारखा वाजू शकतो, आणि दोष मात्र कारागिराच्या माथी येतो.

मैफलीत तर बोलायचीही सोय नसते. विलंबित ख्यालात लय जरा वाढवायची असेल तर गायक हातानं मात्रा दाखवतो, समेवर तबलजीकडे बघतो. मागच्या तंबोऱ्याची जोड उतरली तर आलाप न मोडता एक नजर मागे जाते, आणि कुठली तार ते साथीला बसलेल्या शिष्यानं ओळखायचं असतं. ही नजर कळते, कारण बैठकीआधी बोलणं झालेलं असतं: ठेका कुठला, लय किती, पेटीनं कुठं भरायचं आणि कुठं थांबायचं. जाणत्या साथीदाराला आपण काय सांगायचं, या संकोचानं अनेक तरुण गायक हे बोलणंच टाळतात. हा संकोच गाण्याचं नुकसान करतो.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ साली ते गेले. त्यांची कबर इथल्याच दर्ग्यात आहे. वाद्यांच्या दुरुस्तीतही त्यांना गती होती. गाणारा आणि दुरुस्त करणारा एकच असला की मधे कुणाला काही समजावावं लागत नाही. बाकीच्यांना ते शिकावंच लागतं, आणि राग-ताल मन लावून शिकवणारे गुरूही कारागिराशी कसं बोलावं हे सहसा शिकवत नाहीत.

लांबून तंबोरे ट्रान्सपोर्टनं येतात. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच: जवारी करून द्या. फोनवर आवाज ऐकवला तरी त्यातला बारीक झणकार धड पोचत नाही. तेव्हा जमेल तर तंबोऱ्यासोबत स्वतः जा आणि तिथे बसून गा. नाहीच जमलं तर आपली पट्टी, बिघडलेली तार आणि ती लगेच बुजते की उगाच करकरते, एवढं तरी चिठ्ठीत नक्की लिहा.