पिचर मुलीचा खांदा जपायचा कसा?

आजचं बोलणं आहे सॉफ्टबॉल खेळणाऱ्या आपल्या मुलींविषयी, त्यातही चेंडू टाकणाऱ्या मुलीविषयी. तिला पिचर म्हणतात. कवठे येमाई, मलठण, टाकळी हाजी या आपल्या पट्ट्यात कुस्ती, कबड्डी, खो-खो सगळ्यांना ठाऊक. सॉफ्टबॉल त्यामानानं नवा वाटतो. पण शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलींचे याचे सामने होतात. त्यातून दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळू शकतात. पुढं मोठी कामगिरी झाली तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के राखीव जागाही आहेत. म्हणजे मुलीच्या हातातला हा चेंडू तिला बरंच लांब नेऊ शकतो. त्यासाठी आधी तो हात धड राहायला हवा.

या खेळात पिचर हात खांद्याभोवती पूर्ण गोल फिरवते आणि कमरेजवळून चेंडू सोडते. चेंडूचा घेर १२ इंच, वजन सुमारे १९० ग्रॅम. मोठ्या गटात तो ४३ फुटांवरच्या फलंदाजाकडे टाकायचा. हात खालून येतो, म्हणून पुष्कळांना वाटतं, ‘यात खांद्याला काय होणार? कितीही टाकू दे.’ इथंच घोटाळा होतो. हात जोरात फिरतो तेव्हा तो खांद्याच्या खोबणीतून बाहेर ओढला जातो. हा ओढा मुलीच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त असतो, असं अभ्यासकांनी मोजलं आहे. मुलगी ४० किलोची असेल तर प्रत्येक चेंडूला २० किलोपेक्षा जास्त ओढा. एकदा सोसेल, दहादा सोसेल. पण संघात एकच पिचर, दिवसात दोन-तीन सामने आणि वर सराव, असं झालं की खांदा कुरकुरायला लागतो.

त्यात हे वय वाढीचं. साधारण १० ते १४ वर्षांत मुली झपाट्यानं उंच होतात. हाडांच्या टोकाशी वाढीचा भाग असतो, तो अजून कच्चा असतो. तिथं रोज तोच ताण आला तर दुखणं धरतं.

मग ताकद आणायची कुठून? आपल्या आज्या ज्वारी राखायला माळ्यावर उभ्या राहून गोफण फिरवायच्या. नुसत्या हातानं गोफण लांब जात नाही. पाय रोवायचा, कंबर वळवायची, मग दगड सुटतो. पिचिंगचंही तसंच आहे. जोर पायातून निघतो, कमरेतून, पोटातून वर चढतो आणि शेवटी हातात येतो. पाय आणि कंबर कच्ची असली की सगळा भार एकटा खांदा उचलतो. म्हणून पिचरचा व्यायाम पायापासून सुरू करायचा.

‘मुलीनं ताकदीचा व्यायाम केला तर उंची खुंटते’ हे आपण ऐकत आलो. ते खरं नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी हालचालीचा खेळ-व्यायाम करावा आणि आठवड्यातून निदान ३ दिवस स्नायू-हाडं बळकट करणारा व्यायाम त्यात असावा. मात्र तो नीट शिकून, कुणाच्या तरी नजरेखाली करायचा. वजन वाढवण्याची घाई नको.

आठवड्यातून २-३ दिवस, मध्ये एक दिवस सोडून, हे व्यायाम अंगणातही होतात. आधी १० मिनिटं हलकं धावणं आणि हातपाय मोकळे करणं. मग खुर्चीवर बसल्यासारखं खाली जाऊन उठणं. एक पाय पुढं टाकून गुडघा वाकवणं. उताणं झोपून, पाय दुमडून कंबर वर उचलणं. कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवणं. भिंतीला हात टेकून जोर मारणं, जमलं की जमिनीवर. सायकलची जुनी ट्यूब खांबाला बांधून दोन्ही हातांनी स्वतःकडं ओढणं; यानं खांद्यामागचे स्नायू घट्ट होतात, फिरता हात आवरून धरण्याचं काम तेच करतात. शेवटी छोट्या उड्या. उतरताना पाय हलके टेकायचे आणि गुडघे आत वळू द्यायचे नाहीत. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. शेवटची खेपही पहिल्यासारखी नीट झाली पाहिजे. अंग वाकडं व्हायला लागलं की थांबायचं.

दुसरी गोष्ट मोजणीची. अमेरिकेतल्या क्रीडा-वैद्यकांनी सॉफ्टबॉलच्या पिचरसाठी मर्यादा सुचवल्या आहेत. १० ते १२ वर्षांच्या मुलीनं एका सामन्यात ६५ आणि दिवसभरात ९५ चेंडूंपर्यंतच टाकावेत. १३-१४ वर्षांच्या मुलीला ८० आणि ११५. १५ च्या पुढं १०० आणि १४०. सलग दोन दिवस टाकले तर १२ वर्षांपर्यंतच्या मुलीनं तिसऱ्या दिवशी पिचिंग करायचंच नाही. वर्षातून दोन-तीन महिने पिचिंग पूर्ण बंद. तेव्हा दुसरा खेळ खेळावा. एका वहीत रोजचे चेंडू लिहायला पेन्सिल पुरते. आपण बचत गटाचा हिशोब ठेवतो, तसा हा खांद्याचा हिशोब.

या हिशोबात घरचं कामही धरायचं. सकाळी हंडे आणले, सुट्टीत कांदा काढला, संध्याकाळी धार काढली, तर तो खांदा आधीच दमलेला असतो. काम शिकू नये असं आम्ही म्हणत नाही. पण सामन्याच्या आदल्या दिवशी आणि सामन्याच्या दिवशी हंडा भावानं उचलला तर बिघडत नाही.

खाण्याचं म्हणाल तर बाजारातली महागडी पावडर नको. सरावानंतर गूळ-शेंगदाणे, अंडं किंवा मटकीची उसळ, भाकरी, ताक. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, मुलीही त्यात आल्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी तिनं जेवणानंतर घ्यावी. तीन महिने पाळी आली नाही, तर ‘खेळानं होतं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्यायामानंतर मांड्या-पोटऱ्या भरून येतात, ते एक-दोन दिवसांत जातं. त्याची भीती नाही. पण खांद्याच्या पुढच्या बाजूला, कोपरात, मनगटात किंवा कमरेत टोचल्यासारखं दुखत असेल, रात्री झोपमोड होत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, वेणी घालताना हात वर जात नसेल, तर पिचिंग त्याच दिवशी थांबवा. दुखणं दाबायची गोळी देऊन मैदानात उतरवू नका. चोळून घ्यायला, हाड बसवून घ्यायला नेऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, तिथून सांगतील तर शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात.

हे सगळं कळेल कधी? मुलीनं सांगितलं तर. आणि मुली सांगत नाहीत. ‘दुखतंय’ म्हटलं की घरून ऐकायला मिळतं, ‘मग कशाला जातेस? बस झाला खेळ.’ ते ऐकायला नको म्हणून ती गप्प बसते आणि दुखऱ्या हातानं टाकत राहते. मुलाचा पाय मुरगळला तर आपण लेप लावून आठ दिवसांनी त्याला परत मैदानात धाडतो. मुलीचं मात्र दुखणं निमित्त ठरतं. म्हणून तिला आधीच सांगून ठेवा: ‘दुखलं तर सांग बाई, विश्रांती घेऊ, खेळ बंद करणार नाही.’ आणि दिलेला शब्द पाळा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवा. दोघी-तिघींनी शाळेत जाऊन क्रीडाशिक्षकांना भेटायचं. संघात निदान दोन-तीन पिचर तयार करा, चेंडूंची वही ठेवा आणि दुखणाऱ्या मुलीला बसवलं तरी संघातली तिची जागा राखा, असं सांगायचं. ट्यूब, वही, पेन्सिल आपण देऊ. सर ऐकतील, कारण जिंकायचं त्यांनाही आहे, आणि चांगल्या खांद्याची पिचर पुढच्या वर्षीही त्यांच्याच संघात असणार आहे.