दारूविना ‘ब्लडी मेरी’ पास्ता

गटाच्या बैठकीत हिशेब आटोपला की हल्ली स्वयंपाकाचा विषय हमखास निघतो. मुली मोबाईलवर नवनवीन पदार्थ बघतात आणि घरी करायचा हट्ट धरतात. त्यात ‘व्होडका पास्ता’ आणि ‘ब्लडी मेरी पास्ता’ ही नावं आता आपल्या कानावर पडू लागलीत. मग बायका विचारतात, ‘दारू घातलेलं पोरांना द्यायचं कसं? की शिजवल्यावर ती उडून जाते?’ आज याचं उत्तर बघू आणि अर्ध्या तासाच्या आत होणारा बिनदारूचा पास्ताही सांगू.

दारूत फळांचा रस किंवा मसाला मिसळून जे पेय करतात, त्याला कॉकटेल म्हणतात. ब्लडी मेरी हे त्यातलंच एक. त्यात टोमॅटोचा रस, लिंबू, मीठ, मिरपूड, तिखट सॉस, वूस्टर सॉस आणि व्होडका असते. व्होडका ही धान्यापासून किंवा बटाट्यापासून काढलेली दारू. तिला रंग नसतो आणि स्वतःची चवही जवळजवळ नसते. म्हणजे या पेयाला चव येते ती टोमॅटो, लिंबू, मीठ आणि तिखटाची. परदेशातही दारू न घालता हे पेय देतात, त्याला व्हर्जिन मेरी म्हणतात.

आता तो वूस्टर सॉस. नाव परकं असलं तरी आत काय असतं बघा: व्हिनेगर, चिंच, उसाची मळी, कांदा, लसूण आणि खारवलेली मासळी. मासळी आणि व्हिनेगर सोडलं तर बाकीची चव आपल्या घरातच आहे. मळीच्या जागी आपली काकवी, तिखट सॉसच्या जागी आपली कांदा-लसूण चटणी.

‘शिजवल्यावर दारू उडते’ हे मात्र अर्धंच खरं आहे. दारूतला अल्कोहोल ७८ अंशांना उकळतो आणि पाणी १०० अंशांना, म्हणून तो आधी निघून जाईल असं वाटतं. पण रश्शात तो पाण्यात मिसळलेला असतो आणि वाफेबरोबर हळूहळूच जातो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे रश्शात मिसळून १५ मिनिटं शिजवल्यावर घातलेल्यापैकी सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरतो. अर्ध्या तासानं ३५ टक्के, तासानं २५ टक्के आणि अडीच तासांनीही ५ टक्के. पास्त्याचा रस्सा तर दहा-पंधरा मिनिटांतच होतो.

हे सांगायचं कारण मोठं आहे. ज्या घरात कुणी दारू सोडायचा प्रयत्न करतंय, त्या घरात ही गोष्ट जपायलाच हवी. नुसत्या वासानंही ओढ परत जागी होऊ शकते. शिवाय दारू सोडवण्यासाठी डॉक्टर काही जणांना डायसल्फिरम नावाची गोळी देतात. ती चालू असताना पोटात थोडी जरी दारू गेली तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, कधी जिवावरही बेततं. म्हणून अशा माणसाला दारू घातलेला पदार्थ देऊ नका. आणि मैत्रिणींनो, कुणी कितीही सांगितलं तरी ही गोळी नवऱ्याच्या जेवणात चोरून मिसळू नका. त्याला माहीत नसताना तो प्यायला तर जीव धोक्यात येतो. गोळी द्यायची ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं आणि त्याला सांगूनच.

आता कृती. चार माणसांसाठी साहित्य: पाव किलो पास्ता किंवा मॅक्रोनी, अर्धा किलो लाल पिकलेले टोमॅटो, एक कांदा, सात-आठ लसूण पाकळ्या, दोन मोठे चमचे तेल, एक चमचा कांदा-लसूण चटणी, अर्धा चमचा मिरपूड, बोराएवढी चिंच, एक चमचा काकवी किंवा गूळ, अर्धं लिंबू, मीठ आणि कोथिंबीर देठासकट.

चिंच पाव वाटी गरम पाण्यात भिजत टाका. मोठ्या पातेल्यात अडीच लिटर पाणी उकळा, दोन चमचे मीठ घाला आणि पास्ता सोडा. दहा-बारा मिनिटांत तो शिजतो. दाताखाली किंचित कणी लागली की उतरवा, कारण पुढे रश्शातही तो थोडा शिजणार आहे. निथळताना एक वाटी पाणी बाजूला ठेवा. त्यात पिठूळपणा असतो, त्यानं रस्सा पास्त्याला धरून राहतो.

पास्ता शिजेपर्यंत दुसऱ्या चुलीवर तेलात कांदा, लसूण आणि कोथिंबिरीचे बारीक चिरलेले देठ परता. परदेशी पेयात सेलरीचा दांडा असतो, त्याची जागा हे देठ घेतात. आच मंद करून मगच चटणी घाला, कडक तेलात ती करपते आणि कडू लागते. लगेच किसलेले टोमॅटो घाला आणि तेल सुटेपर्यंत शिजवा. मग चिंचेचा कोळ, काकवी आणि मिरपूड घाला. चटणीत मीठ असतं, म्हणून चव घेऊनच वरचं मीठ टाका. पास्ता आणि राखलेलं पाणी घालून दोन मिनिटं हलवा. गॅस बंद केल्यावर लिंबू पिळा. उकळत्या रश्शात पिळलं तर त्याचा वास उडतो. पोरांसाठी साय घालायची असेल तर लिंबू वगळा, नाहीतर ती फाटते.

पास्ता विकतच आणायला पाहिजे असंही नाही. चांगला पास्ता ड्युरम गव्हाचा करतात, म्हणजे आपला बन्सी गहू. उन्हाळ्यात आपण बन्सीच्या किंवा खपलीच्या शेवया करतो आणि त्या खिरीपुरत्याच डब्यात राहतात. त्याच शेवया कोरड्या भाजून, उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून, निथळून या रश्शात घाला. शेवया विकणाऱ्या गटांनी पाकिटावर ही तिखट कृतीही छापावी, म्हणजे खिरीच्या सणांशिवायही गिऱ्हाईक मागायला येईल.

आपल्या महाराष्ट्रात कितीतरी गावांतल्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली. ती पाककृतीच्या निमित्तानं पुन्हा स्वयंपाकघरात उभी करायची गरज नाही. या पदार्थाला ती लागतही नाही. या आठवड्यात करून बघा आणि पुढच्या बैठकीला डबा घेऊन या.