आठवड्याचा हवामान अंदाज आणि ४० किलो गहू



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण उन्हाळी सीझनच्या मालाचं नियोजन बघितलं. त्यात मी एक वाक्य घाईघाईत बोलून गेले, "शनिवारी हवामान अंदाज बघितल्याशिवाय मी गहू भिजत घालायला सांगत नाही." त्यावर अनेकांनी विचारलं, मॅडम, अंदाज खरा ठरतो का? ठरत नसेल तर बघायचा कशाला?

उत्तर नीट द्यायला हवं, कारण हे मी पैसे घालवून शिकले आहे. बीबीएच्या तीन वर्षांत जे समजलं नाही, ते एका दुपारी गच्चीवर समजलं.

ती गुरुवारची दुपार

माझं सांगलीत वाळवणाचं दुकान आहे. कुरडया, पापड, सांडगे, साबुदाण्याच्या चकल्या, मसाले. माल पाच घरांतून तयार होऊन येतो. पाच बायका, पाच गच्च्या. फाल्गुन-चैत्र म्हणजे आमची दिवाळी. या दोन-अडीच महिन्यांत जे वाळेल तेच वर्षभर विकायचं.

कुरडईचं गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शनिवारी संध्याकाळी गहू भिजत घातले, तर तीन दिवस रोज पाणी बदलायचं. मंगळवारी संध्याकाळी वाटून चीक काढायचा आणि रात्रभर निवळू द्यायचा. बुधवारी पहाटे वरचं पाणी काढून चीक शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून कुरडया घालायच्या. मग बुधवार, गुरुवार, शुक्रवार असं तीन दिवस कडकडीत ऊन हवं. म्हणजे गहू भिजवतो शनिवारी आणि ऊन लागतं शुक्रवारपर्यंत. बरोबर एक आठवडा!

तीन वर्षांपूर्वी मी एका आठवड्यात प्रत्येक घरी ८ किलो, असे ४० किलो गहू दिले. मोबाइलच्या पडद्यावर सगळे दिवस पिवळा सूर्य दिसत होता, तेवढंच बघितलं. गुरुवारी साडेतीनला वारा सुटला, धूळ उडाली आणि वीस मिनिटं टपोरा वळीव पडला. पाचपैकी चार गच्च्या भिजल्या. पुढचे दोन दिवस आभाळ भरलेलं. शनिवारी कुरडयांवर बुरशी. पाचव्या घरचा मालही दमट हवेने लाल पडला, तो मी दुकानात ठेवला नाही.

हिशोब असा झाला. गहू १,४४० रुपये, दळण-गॅस-मीठ ५६० आणि मजुरी प्रत्येकी ६०० प्रमाणे ३,०००. एकूण ५,००० रुपये पाण्यात. माल नीट वाळला असता तर साधारण १६ किलो कुरडई निघाली असती आणि ४५० रुपये किलोने ७,२०० रुपये आले असते. म्हणजे २,२०० रुपये कमवायला गेले आणि ५,००० घालवून बसले.

त्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, "पोरी, माल गेला, मजुरी नको." मी दिली. त्यांनी काम केलं होतं, अंदाज बघायचं काम माझं होतं. पण त्या रात्री झोप लागली नाही, कारण असे आणखी दोन आठवडे गेले असते तर मजुरी द्यायला माझ्याकडे पैसे उरले नसते.

पुढच्या वर्षी उलटी चूक

पुढच्या वर्षी मी इतकी घाबरले की बातम्यांत "राज्यात अवकाळीचं सावट" असं दिसलं की लगेच काम बंद! असे दोन आठवडे थांबवले. दोन्ही वेळा पाऊस झाला तो विदर्भात. आमच्याकडे गच्चीवर पाय भाजत होते. त्या दोन आठवड्यांत पाच घरांत काम नाही, अक्षय्य तृतीयेच्या आधीच कुरडया संपल्या आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं.

पहिल्या वर्षी अंदाज वाचलाच नाही, दुसऱ्या वर्षी नुसता मथळा वाचला. दोन्ही वेळा चूक हवामान खात्याची नव्हती. वाचणाऱ्याची होती.

अंदाजाची भाषा शिकून घ्या

भारतीय हवामान विभागाची बुलेटिन्स फुकट मिळतात. पण त्यातला प्रत्येक शब्द मोजून वापरलेला असतो. चार गोष्टी पाठ करा.

१. तुमचा भाग कोणता? महाराष्ट्राचे चार हवामान उपविभाग आहेत: कोकण (गोव्यासह), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. सांगली, कोल्हापूर, पुणे, नाशिक हे सगळे मध्य महाराष्ट्रात. "राज्यात पाऊस" या बातमीला धंद्यात अर्थ नाही. जिल्ह्याचा इशारा बघा. आणि जिल्हाही मोठा असतो. आमच्याच जिल्ह्यात शिराळ्याची हवा वेगळी आणि जत-आटपाडीची वेगळी.

२. किती ठिकाणी? "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के ठिकाणी. "काही ठिकाणी" म्हणजे २६ ते ५०, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे ५१ ते ७५ आणि "बहुतांश ठिकाणी" म्हणजे त्याहून जास्त. चैत्रातला पाऊस बहुतेक वेळा "तुरळक"च असतो. म्हणूनच मिरजेत पडतो आणि सांगलीत धूळ उडते. तरी अंदाज खोटा ठरत नाही!

३. किती शक्यता? इंग्रजी बुलेटिनमध्ये नुसतं "लाइकली" म्हणजे २५ ते ५० टक्के, "व्हेरी लाइकली" म्हणजे ५० ते ७५ आणि "मोस्ट लाइकली" म्हणजे ७५ च्या वर. आपण तिन्हींचा अर्थ "पाऊस येणार" असा एकच लावतो आणि मग खात्याला नावं ठेवतो.

४. रंग कोणता? हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. केशरी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. पिवळा दिसला म्हणून दुकान बंद करायचं नसतं आणि केशरी दिसल्यावर "बघू" म्हणायचं नसतं.

अजून एक. या दिवसांतला पाऊस येतो कसा? सकाळपासून जमीन तापते, समुद्रावरून आलेली दमट हवा वर उठते, दुपारनंतर ढग उभे राहतात आणि संध्याकाळच्या आत-बाहेर कोसळतात. म्हणून सकाळचं स्वच्छ आभाळ बघून खुश होऊ नका. आम्ही आता पहाटे पाचला चीक शिजवतो, आठपर्यंत कुरडया उन्हात असतात आणि पिवळा इशारा असेल तर तीनच्या आत माल घरात.

खरा प्रश्न: चुकलं तर किती जाईल?

आता मुख्य मुद्दा. "पाऊस येईल का?" याचं पक्कं उत्तर कुणाकडेच नसतं. तुम्ही विचारायचं ते हे: अंदाज चुकला तर माझे किती जातील, आणि तयारी करायला किती लागतील?

माझंच उदाहरण घेऊ. समजा माल भिजण्याची शक्यता २५ टक्के आहे. म्हणजे अशा चार आठवड्यांत तीनदा माल वाळेल, एकदा जाईल. तीनदा २,२०० म्हणजे ६,६०० मिळाले, एकदा ५,००० गेले. हातात १,६००. चार आठवडे राबून १,६००!

शक्यता ५० टक्के असेल तर? दोनदा मिळाले ४,४००, दोनदा गेले १०,०००. सरळ ५,६०० चा खड्डा. त्या आठवड्यात गहू भिजवायचेच नाहीत.

आता तयारी. कुरडया जमिनीवर न घालता बाजेवर प्लास्टिकचा कागद टाकून घालायच्या, म्हणजे दोघांनी धरून बाज आत नेता येते. त्यासाठी मदतीला हात लागतात. सगळ्या घरांच्या दोन दुपारी मिळून मला ४०० रुपये पडतात. वरच्याच चार आठवड्यांत दर वेळी ४०० खर्च केले आणि माल वाचला, तर चार वेळा २,२०० म्हणजे ८,८००, त्यातून १,६०० वजा. हातात ७,२००. कुठे १,६०० आणि कुठे ७,२००!

४०० रुपये हे ५,००० च्या ८ टक्के. म्हणून माझा नियम सोपा आहे. शक्यता ८ टक्क्यांहून जास्त वाटली की मदतनीस सांगायचा. पाऊस आला नाही तर ४०० रुपये "वाया" गेले असं म्हणायचं नाही. दुकानाचा विमा काढतो आणि आग लागली नाही म्हणून रडतो का आपण?

लांबच्या अंदाजावर छोटा निर्णय

दुसरा नियम. उद्याचा अंदाज सहाव्या दिवसाच्या अंदाजापेक्षा जास्त भरवशाचा असतो. मग जो निर्णय मागे घेता येत नाही, तो सगळा सहाव्या दिवसाच्या भरवशावर घ्यायचा नाही.

माझ्या मालाची मी यादी केली आहे. कुरडईला चार दिवस आधी ठरवावं लागतं. साबुदाण्याच्या चकलीला एक रात्र आधी. बटाट्याच्या किसाला त्याच दिवशी सकाळी, बटाटे काय, थांबतात. आणि उडदाचे पापड सावलीतसुद्धा वाळतात, त्यांना कडक उन्हाची गरजच नसते.

म्हणून शनिवारी आठवड्याचं चित्र धूसर दिसलं तर ४० ऐवजी २० किलो गहू भिजवायचे आणि उरलेल्या घरांना उडदाचं पीठ द्यायचं. काम कुणाचं बंद नाही. मंगळवारी पुन्हा अंदाज बघायचा. बुधवार बिघडणार असेल तर चीक फ्रिजमध्ये एखादा दिवस थांबतो. गुरुवार स्वच्छ दिसला तर रात्री साबुदाणा भिजवायचा.

तुमचा धंदा वेगळा असेल, हरकत नाही. रसवंती असेल तर उसाची मोळी आज आणायची की दोन दिवसांची, आइस्क्रीम असेल तर फ्रीजर भरायचा की निम्मा ठेवायचा (वादळी वाऱ्यात लाइट जाते, विसरू नका), मंडपाचं काम असेल तर ताडपत्री आधीच सांगून ठेवायची का. तासगावकडे बेदाण्याच्या शेडवाल्यांना विचारा, त्यांचा तर अख्ख्या वर्षाचा पैसा याच दिवसांत जाळीवर पसरलेला असतो. तुमच्या यादीत दोनच रकाने करा: "किती आधी ठरवावं लागतं" आणि "मागे घेता येतं का".

माझा शनिवार

शनिवारी संध्याकाळी वीस मिनिटं. "मौसम" ॲपवर शहराचा अंदाज, हवामान विभागाच्या संकेतस्थळावर जिल्ह्याचा इशारा. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येतो, तो शेतकऱ्यांसाठी असला तरी आपल्यालाही उपयोगी, "मेघदूत" ॲपवर मिळतो. माल उन्हात असेल त्या दिवशी दुपारी बारानंतर पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज, म्हणजे नाउकास्ट. आणि एक वही. त्यात तारीख, अंदाज काय होता, माझ्या गच्चीवर काय झालं. एक सीझन लिहा. तुमच्या गल्लीचं हवामान तुम्हाला जेवढं कळेल तेवढं कुठल्याही ॲपला कळणार नाही.

शेवटचा नियम, आणि याला गणित नाही. गडगडाट ऐकू आला की गच्चीवर जायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं "दामिनी" ॲप जवळपास पडणाऱ्या विजांचा इशारा देतं, ते पाचही घरांच्या मोबाइलमध्ये आहे. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, वीज चमकली की कुरडई तिथेच सोडायची. ५,००० रुपये गेले तर माझे जातील, मी पुन्हा कमवेन. मजुरी ठरलेली मिळणारच. हे आधी सांगितलं नाही, तर माणूस मालासाठी धावतो. त्या वयस्कर मावशी तर नक्कीच धावतील.

या आठवड्याचा गृहपाठ

कागद घ्या. तुमच्या धंद्यातली एक अशी गोष्ट लिहा जी पाऊस, ऊन किंवा वाऱ्याने बिघडते. बिघडली तर किती रुपये जातात ते लिहा. वाचवायला किती लागतात ते शेजारी लिहा. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. जे उत्तर येईल, तेवढी शक्यता दिसली की तयारीला लागायचं.

मी या शनिवारी अंदाज बघितला. बुधवार-गुरुवार स्वच्छ, शुक्रवारी तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, पिवळा इशारा. २५ किलो गहू भिजत घातलेत, दोन घरांना उडदाचं पीठ दिलंय आणि शुक्रवारी दुपारसाठी मदतनीस सांगून ठेवलाय.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर गच्चीवर लक्ष असू द्या!