जोर बारामतीचा, डाव दुसऱ्याचा

फेब्रुवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने धनगरांना अनुसूचित जमातीत घेण्याच्या याचिका फेटाळल्या. इंदापूर-बारामतीच्या वाड्यावस्त्यांवर तो घाव अजून ओला आहे. म्हणून २०१४ पासूनचा हिशेब मांडायलाच हवा.

त्याआधीचं सगळं लोकांना पाठ आहे. पवार-काकडे लढती, इंदापुरात शंकरराव भाऊंची सद्दी. ते पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही. चित्र पालटलं २०१४ मध्ये. मे महिन्यात लोकसभेला धनगर समाजाच्याच महादेव जानकरांनी बारामतीत सुप्रिया सुळे यांचं तीन लाखांवरचं मताधिक्य सत्तर हजारांच्या आसपास आणून ठेवलं. जुलैत समाज आरक्षणासाठी पंढरपूरहून पायी निघाला आणि उपोषणाला बसला तो मुंबईत नव्हे, बारामतीत. डोक्याला पिवळे फेटे, कपाळी भंडारा, गजी ढोलाचा घुमारा आणि खांद्यावर घोंगडी टाकून मांडवात ठाण मांडलेली म्हातारी माणसं. मला ही निवड आजही फार शहाणपणाची वाटते. पवारांच्या गावात खुट्ट झालं तरी राज्याचं लक्ष जातं. समोरचा पैलवान जोरात अंगावर आला की त्याच्याच जोरावर त्याला ढाकेवर घ्यावं, तसा तो डाव होता.

पण ढाक मारली दुसऱ्यानेच. भाजपचे देवेंद्र फडणवीस मांडवात आले आणि सत्ता येताच मंत्रिमंडळाच्या पहिल्या बैठकीत निर्णय घेऊ, असा शब्द देऊन गेले. ऑक्टोबरात सत्ता आली. बैठका झाल्या, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे अभ्यास गेला, आरक्षण आलं नाही.

राष्ट्रवादीही काही हात बांधून बसली नव्हती. समाजाची हवा आपल्यावर उलटतेय हे ओळखून तिने इंदापुरात धनगर समाजाच्याच दत्तात्रय भरणेंना घड्याळावर उभं केलं. भरणेमामांनी हर्षवर्धन पाटलांसारख्या मुरलेल्या मंत्र्याला पाडलं. २०१९ मध्ये भाजपने तोच कित्ता बारामतीत गिरवला आणि अजितदादा पवारांसमोर धनगर समाजाच्या गोपीचंद पडळकरांना आणलं. तिथे अनामतही वाचली नाही. दादांनी तोवर गावागावांत आपली माणसं बांधून ठेवली होती. बाहेरून आणलेल्या उमेदवाराला तिथे कोण विचारणार?

२०२४ संपता संपता फडणवीस पुन्हा मुख्यमंत्री झाले, मामा मंत्री, पडळकर जतचे आमदार. त्यांच्या पदांचा मला हेवा नाही. पण मांडवात बसलेल्यांच्या पोरांच्या दाखल्यावर अजून ‘भटक्या जमाती (क)’ असंच लिहिलेलं आहे. त्या पहिल्या बैठकीत काय झालं, ते फडणवीसांनी बारामतीत येऊन, त्याच लोकांसमोर सांगावं.