जर्मन अभियंता संघ: कारखाना आणि विद्यापीठ यांना जोडणारी संस्था

तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोध आणि शोधक यांना मानाचे पान मिळते. परंतु एका कारखान्यात अनुभवाने सिद्ध झालेले ज्ञान शेजारच्या कारखान्यापर्यंत, तेथून अभियांत्रिकीच्या वर्गापर्यंत आणि अखेरीस कायद्याच्या कलमापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, याचा विचार फारसा होत नाही. ही वाट घालून देण्याचे काम ज्या संस्थांनी सातत्याने केले, त्यांत ‘फेराइन डॉइचर इंजेनिऊरे’ म्हणजेच जर्मन अभियंता संघ ही अग्रगण्य संस्था असून, अभियांत्रिकीच्या जगात ती ‘व्हीडीआय’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. जर्मन उद्योगाच्या नावलौकिकाचे श्रेय बहुधा तिथल्या शिस्तीला दिले जाते. प्रत्यक्षात त्या लौकिकामागे समित्यांमध्ये बसून केलेल्या लेखनाचे मोठे काम आहे.

संघाची स्थापना १२ मे १८५६ रोजी हार्त्स पर्वतातील आलेक्सिसबाड या गावी झाली. बर्लिनच्या औद्योगिक शिक्षणसंस्थेतील विद्यार्थ्यांनी १८४६ मध्ये ‘ह्यूटे’ नावाचे मंडळ स्थापले होते आणि त्याच्या दशकपूर्तीसाठी जमलेल्या तरुण अभियंत्यांनी हा संघ उभारला. त्या वेळी ‘जर्मनी’ नावाचे एकसंध राष्ट्र अस्तित्वात नव्हते. ते १८७१ मध्ये आकाराला आले. राज्याराज्यांतून मापे, कायदे आणि परवाने वेगवेगळे असल्याने एका राज्यातील यंत्रनिर्मात्याला दुसऱ्या राज्यात माल विकताना पदोपदी अडचणी येत, आणि म्हणून सर्व जर्मन तंत्रज्ञांची बुद्धी एकत्र आणून ती साऱ्या उद्योगाच्या कामी लावावी, हे ध्येय संघाने पहिल्यापासून पुढे ठेवले. ब्रिटनमध्ये १८१८ साली निघालेली स्थापत्य अभियंत्यांची संस्था मुख्यतः व्यावसायिकांची होती आणि भारतातील ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ १९२० मध्ये त्याच परंपरेत उभी राहिली. नोकरी सांभाळून पदवीतुल्य पात्रता मिळवण्यासाठी पूर्वी दिली जात असलेली तिची एएमआयई परीक्षा महाराष्ट्रातील अनेक घरांना परिचित आहे. जर्मन संघाने मात्र कारखानदार आणि अध्यापक यांनाही अभियंत्यांच्याच पंक्तीला बसवले आणि त्याचे वेगळेपण तेथूनच सुरू होते. संघाचे संचालकपद आणि नियतकालिकाचे संपादन फ्रान्झ ग्रासहोफ यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी तिशीही गाठलेली नव्हती. उष्णता-संक्रमणाच्या अभ्यासात आजही शिकवला जाणारा ‘ग्रासहोफ अंक’ त्यांच्याच नावाचा आहे.

सर्वांना एकत्र बसवणाऱ्या या रचनेची पहिली मोठी कसोटी बॉयलरच्या प्रश्नावर लागली. बॉयलरच्या आतल्या पत्र्यावर पाण्यातील क्षारांचा थर बसला किंवा पाण्याची पातळी खाली गेली, की पत्रा प्रमाणाबाहेर तापून मऊ पडतो आणि आतल्या वाफेच्या दाबाने फाटतो. अशा स्फोटांत कामगारांचे बळी जात, इमारती कोसळत. १८६५ मध्ये मानहाइम येथील एका मद्यनिर्मितीच्या कारखान्यात बॉयलर फुटला, तेव्हा सरकारी निरीक्षक वर्षातून एकदा येऊन कागद तपासून जातो एवढ्यावर भागणार नाही, हे कारखानदारांच्या ध्यानात आले. पुढच्याच वर्षी तेथील बॉयलरमालकांनी स्वतःचे निरीक्षक-मंडळ स्थापन केले. आज भारतातही प्रमाणपत्रांवर दिसणाऱ्या ‘ट्यूव्ह’ या नावाच्या तपासणी-संस्थांचे मूळ त्या मंडळात आहे. अशी मंडळे सर्वत्र निघावीत यासाठी व्हीडीआयने पाठबळ दिले. यात मोलाची गोष्ट अशी, की निरीक्षक स्वतः अभियंता असल्याने तो नुसता दोष दाखवून थांबत नसे, तर दोषाचे कारणही सांगत असे. अशी कारणे संघाच्या चर्चांतून आणि नियतकालिकातून सर्वांना कळत असत. १८८४ मध्ये संघाने काढलेली पहिली मार्गदर्शिकाही बॉयलर आणि वाफेची इंजिने यांच्या चाचण्यांविषयीच होती. इंजिन अमुक कोळशात अमुक काम देईल असे विकणारा म्हणे आणि घेणाऱ्याला तो अनुभव येत नसे. मोजण्याची पद्धत दोघांनी आधीच मान्य केलेली असली, तर असा वाद मिटवणे सोपे होते.

विद्यापीठांच्या बाबतीत संघाला दोन आघाड्यांवर झगडावे लागले. तांत्रिक शाळांना खऱ्या उच्चशिक्षणाचा दर्जा मिळावा आणि त्यांचा पाया गणित व निसर्गविज्ञान यांवर घातला जावा, अशी मांडणी ग्रासहोफ यांनी १८६४ मध्ये हायडेलबर्ग येथे केली. ती इतकी यशस्वी झाली, की पुढच्या पिढीला उलट तक्रार करावी लागली: वर्गात समीकरणे भरपूर होती, पण यंत्राला हात लावलेला विद्यार्थी दुर्मीळ झाला होता. बर्लिनचे प्राध्यापक आलोइस रीडलर यांनी १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाच्या निमित्ताने अमेरिकी महाविद्यालयांतील यंत्र-प्रयोगशाळा पाहिल्या आणि तशा प्रयोगशाळा जर्मनीत हव्यात, असा आग्रह धरला. १८९५ मध्ये संघाने आखेन येथे तशा अर्थाचे ठराव केले. १८९९ मध्ये प्रशियातील तांत्रिक उच्चशिक्षण संस्थांना डॉक्टरेट देण्याचा अधिकार मिळाला, तो जुन्या विद्यापीठांचा विरोध पत्करून. सिद्धान्त की प्रत्यक्ष काम, हा वाद संघाने कायमचा सोडवला नाही. परंतु वाद घालणारे दोन्ही पक्ष त्याच्याच सभागृहात बसत होते, हे त्याचे खरे यश मानावे लागेल.

१८७७ च्या पेटंट कायद्यासाठी संघाने केलेला पाठपुरावा आणि म्युनिक येथील त्याच्या १९०३ च्या अधिवेशनात ओस्कार फॉन मिलर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेले ‘डॉइचेस म्युझियम’ हे विज्ञान-तंत्रज्ञानाचे संग्रहालय यांचा येथे केवळ उल्लेख पुरे. १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात, सुट्या भागांची मापे एकसारखी असावीत म्हणून व्हीडीआयच्या सहभागाने प्रमाणीकरण समिती बनली आणि तिच्यातून ‘डिन’ ही प्रमाणसंस्था उदयाला आली. तिचे पहिले प्रमाण निमुळत्या पिनांविषयी होते, तर १९२२ मध्ये तिने ठरवलेला ‘ए-फोर’ आकाराचा कागद आज मराठी शाळा-कचेऱ्यांतही रोज हाताळला जातो.

संघाच्या इतिहासातील काळे पान मात्र वगळता येत नाही. आपण तंत्रज्ञ आहोत, राजकारणाशी आपला संबंध नाही, अशी भूमिका घेणाऱ्या या संस्थेला १९३३ नंतर नाझी राजवटीने आपल्या चौकटीत बसवले. ज्यू सभासदांना बाहेर काढण्यात आले आणि पुढे, महामार्गांचा प्रमुख असलेला व नंतर शस्त्रास्त्रमंत्री झालेला फ्रिट्झ टोट हाच संघाचा अध्यक्ष झाला. कौशल्य असणे आणि ते कोणाच्या सेवेत लावायचे हे ठरवणे, या दोन गोष्टी अलग ठेवता येतात असे मानण्याची किंमत त्या पिढीने इतरांना मोजायला लावली. दुसऱ्या महायुद्धानंतर संघ पुन्हा उभा राहिला. १९५० मध्ये त्याने अभियंत्याच्या कर्तव्यांची जाहीर प्रतिज्ञा प्रसिद्ध केली आणि २००२ मध्ये व्यवसायाची नैतिक तत्त्वे निश्चित केली.

आज ड्युसेलडॉर्फ येथे मुख्यालय असलेल्या या संघाचे सव्वा लाखाहून अधिक सभासद आहेत. परंतु त्याचे खरे वैभव म्हणजे दोन हजारांहून अधिक मार्गदर्शिका. मार्गदर्शिका म्हणजे कायदा नव्हे. अमुक काम सध्याच्या ज्ञानानुसार कसे करावे याविषयी जाणकारांनी एकमताने लिहिलेली ती पद्धत असते. ती लिहिणाऱ्या समितीत प्राध्यापक, निर्माते, वापरणारे उद्योग आणि अनेकदा सरकारी खात्यांतील तज्ज्ञ विनामानधन बसतात. मसुदा आधी हरकतींसाठी सर्वांपुढे ठेवला जातो, आलेल्या प्रत्येक हरकतीचा निर्णय होतो आणि त्यानंतरच अंतिम आवृत्ती निघते. ठरावीक मुदतीने तिचा फेरविचारही होतो.

नट-बोल्टच्या जोडांसाठी असलेली ‘व्हीडीआय २२३०’ ही मार्गदर्शिका पाहिली, की या कामाचे मोल कळते. बोल्ट आवळताना पान्याने दिलेल्या पिळाचा, म्हणजे टॉर्कचा, साधारण निम्मा वाटा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात आणि सुमारे चार दशांश वाटा आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो. दोन भागांना प्रत्यक्ष धरून ठेवणाऱ्या ताणाच्या वाट्याला जेमतेम एक दशांश येतो. साहजिकच आट्यांवर तेल आहे की गंज, यावर तो ताण कितीतरी बदलतो. म्हणून ही मार्गदर्शिका विचारते, की आवळण्याच्या एकाच पद्धतीत मिळणारा सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी ताण यांचे गुणोत्तर किती? टॉर्क मोजणाऱ्या पान्यासाठी ते साधारण दीडच्या आसपास राहते, तर ठोके देऊन आवळणाऱ्या यंत्रासाठी अडीच ते चारपर्यंत जाते. अर्थात दुसऱ्या पद्धतीसाठी बोल्ट जाड घ्यावा लागतो. शिवाय पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे कालांतराने दबून ताण किती उतरेल, याचाही हिशेब तीत आहे. यातील घर्षणाची मोजमापे प्रयोगशाळांतून, तुटलेल्या बोल्टांचा अनुभव वाहन-उद्योगातून आणि पोलादाची माहिती बोल्ट बनवणाऱ्यांकडून आली. या तिघांपैकी एकट्याला ती लिहिता आली नसती. चाकणला वाहने बनवणाऱ्या जर्मन कंपन्यांच्या अभियांत्रिकीत ही पद्धत मुरलेली असल्याने पुणे परिसरातील आरेखनकारांनाही ती परकी नाही. तिचा मजकूर जर्मन आणि इंग्रजी अशा शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जातो, याचाही त्यांना उपयोग होतो.

या व्यवस्थेचा एक दोष गंभीर आहे. समितीवर माणूस धाडण्याची ऐपत मोठ्या कंपन्यांना असते, दहा-वीस कामगारांच्या कारखान्याला नसते. आणि तयार मार्गदर्शिका विकत घ्यावी लागत असल्याने छोट्या कारखान्याला तिचा दुहेरी भार सोसावा लागतो. जर्मनीत यावर अंशतः उपाय म्हणून अनेक ठिकाणच्या ग्रंथालयांत प्रमाणे व मार्गदर्शिका जागेवर बसून विनामूल्य वाचण्याची सोय ठेवलेली आहे, तर विद्यार्थ्यांना आणि तरुण अभियंत्यांना संघाच्या स्थानिक शाखांतून कारखाना-भेटी, व्याख्याने आणि तज्ज्ञ गटांचा प्रवेश अल्प वर्गणीत मिळतो.