मजकूर कापला, पण लेखकाला कळवले का?

वाईला मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. विश्वकोशातल्या नोंदीखाली ती लिहिणाऱ्याचे नाव छापतात. मजकुरातला भाग कुणी गाळला, तरी खालचे नाव लेखकाचेच राहते. मग कापणाऱ्याने त्याला आधी कळवायला नको का? आमच्या मते कळवायलाच हवे, आणि कारणही सांगायला हवे.

कळवल्याने काय होते, ते १९३६ साली दिसले. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने आपल्या परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांना दिले होते. भाषण हाती पडल्यावर मंडळी घाबरली. अमुक भाग गाळा, असे त्यांनी पत्राने कळवले. निदान विचारले, एवढे श्रेय त्यांना द्यावे लागेल! बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद झालीच नाही. त्याच वर्षी बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले आणि मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही पुस्तकात घातला. मंडळाला काय खटकले होते, ते आज आपल्या मुलांनाही वाचता येते.

पण लेखकच हयात नसेल तर? १९८७ साली राज्य सरकारने बाबासाहेबांचे ‘रिडल्स इन हिंदुइझम’ प्रसिद्ध केले. राम-कृष्णांवरचे परिशिष्ट काढा, अशी मागणी उठली. विचारणार कुणाला? बाबासाहेबांच्या वतीने लोकच बोलले. १९८८ साली मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. परिशिष्ट राहिले, त्यातल्या मतांशी सरकार सहमत असेलच असे नाही, अशी टीप तेवढी जोडायचे ठरले.